शेऱ्याचा रकाना

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत
एकवीस वर्षं मी माणसांच्या रजा मोजतो.
कुणाची कावीळ, कुणाचं हर्निया,
कुणाच्या हातातलं बोट आणि त्या बोटाचा पंचनामा,
सगळं माझ्या कपाटात
सुतळीनं बांधून ठेवलेलं.

यशवंतीबेन खानविलकरांची फाईल जाड.
नावाला बेन लागलं ते बडोद्याच्या पाण्यानं;
माझ्याशी बोलतात मराठीतच,
तेही दार लोटून, हळू आवाजात,
जणू मणक्याचं ऑपरेशन ही चोरी होती.
गोत्रीच्या ईएसआय दवाखान्याची चिठ्ठी गुजरातीत,
कायदा इंग्रजीत,
कळ मात्र आजोळच्या भाषेत निघते : आई गं.

एक्क्याण्णव दिवस मिळतात वर्षाला, सत्तर टक्क्यांवर.
मी सांगितलं तेव्हा त्यांनी बोटांवर मोजलं,
एक्क्याण्णव नव्हे, सत्तर.
आणि अठ्ठावन्नाव्या दिवशीच फिटनेस घेऊन हजर.
‘रजा नको आता. बसायला काहीतरी द्या.
आठ तास उभं राहवत नाही, दोन राहवतं.’

परमार सुपरवायझर हसले.
‘आज एक बेन बसली, उद्या आखी लाइन बसेल.’
मग खुर्ची माझ्याकडे सरकवून :
‘राजीनामा लिहून घ्या ने. राजीखुशीनं.’

हा शब्द मला ठाऊक आहे.
नऊ वर्षांपूर्वी फिट येणाऱ्या एका पोराला, ठाकोरला,
तो मीच सुचवला होता, वेलांट्यांसकट.
त्यानं पेन मागितलं. मी माझं दिलं.
जाताना ते परत करायला विसरला नाही.

तेव्हा या वेळी मी कायदा काढला,
धूळ झटकली, खुणेला बसचं तिकीट घातलं.
आजारपणात काढता येत नाही, हे एका कलमात.
दुसरीकडे ‘वाजवी सोय’ असा शब्द.
वाजवी म्हणजे केवढी?
कायदा उंची सांगत नाही.

कँटीनमधून स्टूल आणलं.
यशवंतीबेन बसल्या, तर टेबल थेट हनुवटीशी.
हात वर धरून त्या दिवसभर पाने फिरवत राहिल्या,
कंबर सुटली, खांदे धरले.
परमारांनी लांबून बघितलं, काही बोलले नाहीत.
ते न बोलणं मला रात्री जेवताना ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सचा युनूस
खिशातून टेप काढत आला.
कुणी सांगितलं त्याला, माहीत नाही.
टेबल मोजलं, मग संकोचून म्हणाला,
‘बेन, गुडघ्यापर्यंत तुम्हीच मोजून सांगा.’
भंगारातल्या पाइपचे चार तुकडे, चार ठिणग्या-ठिणग्यांचे झटके,
आणि पाय टेकायला एक आडवा गज,
जो कुठल्याच अर्जात नव्हता.

आखी लाइन बसली नाही.
एवढंच झालं की त्या दवाखान्यात जातात त्या गुरुवारी
स्टूल कधी गार पडत नाही.
एकदा सेकंड शिफ्टला गेलो तर परमार होते त्यावर,
एक बूट काढून, घोटा चोळत.
मी दिवा तपासायला आल्यासारखं वर बघितलं.

मार्चमध्ये ऑडिट आलं.
पंख्याला नंबर, कपाटाला नंबर, घड्याळालाही नंबर.
‘या स्टूलचा नंबर?’ पोरगेल्या ऑडिटरनं विचारलं.
बिल नाही, खरेदी नाही, मंजुरी नाही.
यशवंतीबेन उठायला लागल्या.
मी म्हटलं, बसा.

रजिस्टर उघडलं. किंमत : रेघ. पुरवठादार : रेघ.
शेऱ्याच्या रकान्याशी पेन थांबलं,
तेच पेन, रिफिल फक्त बदलत आलोय.
मग लिहिलं :
उंची अठ्ठावीस इंच. बसण्यासाठी.