एक किलो म्हणजे शंभर मीटर

डबा उघडायला दोन संध्याकाळी गेल्या.
चार स्क्रू, त्यातला एक गंजून मेलेला,
आणि काचेखालच्या रबराला
अजून त्या औषधाचा वास.
बाबा म्हणाले, रबराचाच असेल.

आत पितळेची चपटी डबी, बिस्किटाएवढी.
हवा विरळ झाली की ती फुगायची,
तिच्या फुगण्यावर काटा चढायचा.
ती काढली. फेकवेना, रुमालात बांधून ठेवली.
तिच्या जागी एक स्टेपर मोटर,
नखाएवढा मायक्रोकंट्रोलर,
आणि खिडकीच्या फटीतून बागेत गेलेली वायर:
मधमाश्यांच्या पेटीपर्यंत,
पेटीखालच्या वजनाच्या पट्ट्यांपर्यंत.

तबकडीवर रशियन अक्षरं तशीच आहेत.
व्यसोता. उंची.
मी ठरवलं, एक किलो म्हणजे शंभर मीटर.
आमच्या मागची सूर मुनामॅगी,
एस्टोनियातला सगळ्यात उंच डोंगर,
भरते तीन किलोंच्या थोडी वर.
बाबा हसले. मार्चनंतर पहिल्यांदा.

सोळा उन्हाळे त्यांनी सामूहिक शेतीचं अंतोनोव्ह उडवलं,
दुहेरी पंखांचं, ट्रॅक्टरसारखं खोकणारं.
जवस, बटाटे, मोहरी,
पाच मीटरवरून, कधी तीन.
"हे घड्याळ," ते म्हणतात,
"मला जन्मात कधी पन्नासाच्या वर काही बोललं नाही."

अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये मोहरी फुलावर होती.
फवारा म्हणून कागद आला, त्यांनी फवारलं.
दुसऱ्या दिवशी हेल्दुरच्या चौदा पेट्यांपुढे
गवतावर काळा थर,
त्याच्या बायकोने तो केरसुणीने लोटला,
फावड्याने उचलला.
हेल्दुर कधी भांडला नाही.
दुकानात रांगेत भेटला की टोपी काढायचा.
आमच्या घरात जून महिना
अजून हळू आवाजात काढतात.

आता बाबा रोज खिडकीशी बसतात.
काचेवर बोटाने दोनदा टकटक,
मग आकडा वाचायचा; वैमानिकांची सवय,
जुन्या यंत्रात काटा अडकायचा.
मोटरचा काटा अडकत नाही.
तरी मी प्रोग्रॅममध्ये सात ओळी वाढवल्या:
टकटक झाली की थोडं थरथर.
हे त्यांना सांगितलेलं नाही.

खालचं बटण पूर्वी जमिनीवरचा दाब लावायला होतं,
आता त्याने रिकाम्या पेटीचं वजन वजा होतं.
ते झोपण्यापूर्वी उगाच फिरवतात,
मी सकाळी परत जागेवर आणते.

जुलैत लिंडेन फुलली.
चौतीसशे. अडतीसशे. रविवारी बेचाळीसशे.
"इतक्या वर आमचं विमान धापा टाकायचं," बाबा म्हणाले.
रात्री काटा हळूहळू खाली येतो,
त्या आत पंख हलवून
मधातलं पाणी वाळवत असतात.
आणि सकाळी सातला, पेटीवर ऊन आलं
की हजारोंनी बाहेर पडतात
आणि काटा उतरतो,
वीस मीटर, साठ, ऐंशी.
त्या उडाल्या की उंची कमी होते,
हे बाबांना पचायला आठवडा लागला.
पहिल्या दिवशी ते खुर्चीतून अर्धे उठले होते,
हात पुढे, नसलेल्या दांड्याकडे.

काल म्हणाले, "आइटा,
हेल्दुरच्या चौदा होत्या ना?"
मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे.
चौदा, मी म्हटलं.
ओठ हलले. गुणाकार करत असावेत,
किंवा नसतील.
मग कागद मागितला, पेन्सिल मागितली,
आणि काही न लिहिता
पेन्सिल कानावर ठेवून दिली.

हेल्दुरचा नातू पलीकडच्या गावात गॅरेज चालवतो.
त्याच्यासाठी एक बरणी भरून ठेवली आहे,
लेबलाशिवाय.
कोण नेऊन देणार, ते अजून ठरलेलं नाही.

बाबांनी काचेवर टकटक केली.
काटा थरथरला,
मी लिहिला होता तेवढाच.