एकतिसावी सळी

बोगद्याच्या तोंडाशी डोंगर टाके घातल्यासारखा दिसतो:
पोलादी सळ्या, बारा-बारा मीटर आत,
वर जाळी, जाळीवर सिमेंटचा फवारा.
प्रत्येक सळीच्या डोक्यावर मी रंगवलेला आकडा.

दुपारी दोनला भोंगा. रस्ता अडतो,
त्बिलिसीला निघालेला मेंढ्यांचा ट्रकही.
मग डोंगराच्या पोटात चाळीस सुरुंग
एकामागून एक,
मधे पापणी लवायलाही जागा न ठेवता.
आवाज नंतर येतो. आधी तळपायांना कळतं.

पडद्यावर रेघ उसळते, विरते.
पायथ्याशी सेकंदाला नऊ मिलिमीटर.
माथ्याशी सतरा.
धक्का चढणीला दमत नाही, बळावतो;
वर त्याला धरून ठेवायला
फक्त हवा.

माथ्यावर उशांगींच्या मधपेट्या, निळ्या, सव्वीस.
हलवा म्हटलं तर म्हणाले, फुलं इथं आहेत.
सुरुंग उडाला की माशा जागच्या जागी गोठतात.
ते पेटीला कान लावून मोजतात,
गुणगुण परत यायला किती आकडे लागले.
वहीत पेन्सिलीनं: सोमवार, अठरा. मंगळवार, वीस.
गुरुवार, एकेचाळीस.
"एतेरी, तुझं यंत्र काय म्हणतं?"

यंत्र म्हणत होतं, सगळं मर्यादेत.
तरी संध्याकाळी टॉर्च घेऊन चढले
एकतिसावीपाशी, अगदी वरच्या ओळीत,
बोगद्याच्या कपाळावर.
रोज जराशी ताणली गेली, जराशी सैलावली,
आणि जिथून निघाली तिथं पुरती परतली नाही.
दोन टन कमी.
चकतीखाली केसाएवढी भेग.
दिसली नाही, नखाला लागली.

साहेब फोनवर म्हणाले, अहवालात मधमाश्या नकोत.
नाही लिहिल्या. दोन टन लिहिले.

शनिवारी दारू निम्मी, सुरुंगांमधलं अंतर दुप्पट,
शेजारी नवी सळी, पंधरा मीटर,
तिला अजून आकडा नाही.
भोंगा झाला तेव्हा मी यंत्रापाशी नव्हते,
गाल निळ्या फळीवर होता.
तळपायांना कळलं.
आत सगळं बंद.
उशांगी बोटांच्या पेरांवर मोजत होते, ओठ हलत होते.
बाराव्या पेरावर एक माशी,
मग तिच्या बाजूची,
मग मोजायचं राहूनच गेलं.

माझ्या टेबलावर त्यांची बरणी आहे.
दोन वाजता ग्लासातलं पाणी थरथरतं,
मध ढिम्म.
अजून दोनशे साठ मीटर खणायचेत.