साहेबाची सीट

टप काढून कडब्यावर टाकला,
समोरची काच बॉनेटवर आडवी पाडली,
पाण्याची छागल हुकाला अडकवली
आणि हे म्हणाले, "बस."

वनखात्याची जीप. बावीस वर्षं यांनीच चालवली,
लिलावात भंगाराच्या भावानं यांनीच घेतली.
ती जाई तिथं हे जात, चार वर्षं तर आलापल्लीला.
मी तिच्यात कधी बसले नव्हते.
फाटकापाशी उभी राहून डबा द्यायची,
डाव्या सीटवर कोणीतरी असेच:
बुटके साहेब, खर्रा चघळणारे साहेब,
एक मॅडम, डब्याच्या फडक्याकडे बघून हसलेल्या.
त्या सगळ्यांचा मिळून सीटला एक खड्डा पडलाय.
मी त्यात मावत नाही, उजवीकडे कलते.
हे गिअर टाकताना कोपरानं सांगतात, सरक.

घाटंजी सोडली तेव्हा दव होतं.
फरदडीचा कापूस पराटीवर तसाच,
आणि गाड्यांतून उडालेला बाभळींच्या काट्यांना.
पांढरकवड्याला हायवे लागला, वारा तोंडात शिरला,
बोललेले शब्द मागच्या बाकावर जाऊन पडू लागले.
एकोणतीस वर्षांत एवढ्या मोठ्यानं
मी यांच्याशी बोलले नव्हते.
"तुरीच्या शेंगा खाता काय?"
"काय म्हन्तं?"
"शेंगा!"
"हो, आलीच वणी!"

घुग्घुसजवळ कोळशाचे ट्रक, आम्ही त्यांच्या मागं.
चंद्रपूरच्या टपरीवर चहावालं पोरगं हसायला लागलं.
यांनी आरसा माझ्याकडे वळवला:
सगळा काळा चेहरा, आणि कपाळावर
टिकली होती तिथं टिकलीएवढं गोरं.
टिकली कुठं उडाली कोण जाणे.
"पाहा बाप्पा," मी म्हटलं, "एवढीच उरली मी."
हे हसले नाहीत. दुपट्ट्याचं टोक
छागलीच्या पाण्यात भिजवून पुढं केलं.

कोठारीच्या पुढं पळस फुलला होता.
हे भलतंच दाखवत होते.
इथं टायर फुटला, साहेबांची मीटिंग हुकली.
या पुलाखाली अंघोळ केली, वर साहेब जेवत होते.
अन् त्या ऐनाखाली तुझं पत्र वाचलं,
थोरलीला दात आले म्हणून लिहिलं होतंस ते.
"मग थांबा ना."
लगेच थांबवली. इंजिन बंद, हात स्टेअरिंगवर, नजर समोर,
जसं कोणी उतरून परत येईपर्यंत बसायचं असतं.
मला हसू आलं. मग आलं नाही.
"तुमी बी उतरा," सांगावं लागलं.

आलापल्लीच्या रेस्टहाऊसला आमचं बुकिंग नव्हतं.
चौकीदार पोचन्नानं ओळखलं, "डायवर साब!"
आणि व्हरांडा झाडून दिला. खोली नाही उघडली,
त्याला सुचलंच नसावं.
"तुमी झोपत कुठी?" मी विचारलं.
यांनी जीपचा मागचा बाक थोपटला.
मी आडवी होऊन पाहिलं. गुडघ्यापासून खाली मी बाहेर.
वर सागाची पानं, त्यांत अडकलेल्या चांदण्या.
"पाय नाही दुखत?"
"थंडीत दुखे."
पत्रात लिहायचे, झोप चांगली लागते.
ती पत्रं मी तूरडाळीच्या डब्यात जपली.

सकाळी सिरोंच्याकडं निघायचं होतं.
मी आधीच जाऊन स्टेअरिंगमागं बसले.
मला गाडी येत नाही, हे यांना माहीत आहे.
थोडा वेळ उभे राहिले, मग फिरून
डाव्या बाजूनं चढले, अवघडून,
हात कुठं ठेवावे ते कळेना.
खड्डा यांनाही मोठाच होत होता.
पोचन्ना चहा घेऊन आला,
सवयीनं पहिला कप डाव्या सीटला दिला.
यांनी घेतला. प्यायले नाहीत,
नुसता धरून बसले, वाफ जाईपर्यंत.
मी हॉर्न वाजवून पाहिला.