शेवटची अकरा मिनिटं

जानेवारीत शाळा बंद.
काराकोलचे पॉपलर हाडांसारखे उभे,
निळ्या झडपांच्या खिडक्यांवर आतून बर्फाची नक्षी
आणि आम्ही चौघं बेर्मेतच्या घरी,
एका रजईत आठ पाय.
कुणाचे तरी मोजे ओले आहेत हे कळायचं,
कबूल कुणी करायचं नाही.

स्टोव्हवर संत्र्यांच्या साली.
इस्मारची आई बरणीतून अश्ल्यान-फू पाठवायची,
थंडगार शेवया, व्हिनेगर, लाल तिखट.
बाहेर उणे अठरा आणि ताटात हे!
वेडे लोक तुम्ही, ल्योन्या म्हणायचा
आणि दुसऱ्यांदा वाटी पुढे करायचा.

मग कॅसेट.
लेबलवर नाव नाही, पेनाने काढलेला एक मासा फक्त.
का, ते बेर्मेतलाही ठाऊक नव्हतं.
सिनेमा कुठल्या देशाचा, तेही नाही.
एक चोर होता, त्याच्यापाशी एक अकॉर्डियन,
एक बाई होती, त्याला दोनदा पकडून दोनदा सोडणारी,
आणि सगळ्यांना आवाज एकाच माणसाचा,
सर्दी झालेला.
चोराला तोच, बाईला तोच.
भुंकण्याचंही एकदा त्याने भाषांतर केलं :
कुत्रा रागावला आहे.
आम्ही चौघं त्याच्याबरोबर एका सुरात,
कुत्रा रागावला आहे.
अजून म्हणतो. टॅक्सीवाल्याने भाव चढवला की.
ल्योन्याच्या घटस्फोटाचे कागद आले
तेव्हाही.

शेवटी चोर धावत्या मालगाडीवर उडी घेतो,
हात सुटतोय, सुटतोय
आणि पडद्यावर करड्या रेघा,
खर्र,
आणि बेर्मेतच्या मामाचं लग्न.

कल्पाक कपाळावर घसरलेला मामा,
रडून नाक लाल केलेली नवी मामी,
बोर्सोकचा डोंगर,
एक मेंढरू कॅमेऱ्याकडे बघतंय,
त्याला अजून कुणी काही सांगितलेलं नाही.

पहिल्या वर्षी आम्ही ओरडलो. बेर्मेत रडली.
दुसऱ्या वर्षी इस्मार म्हणाला, थांबा.
तो बघा, मागे, दाराशी, काळ्या कोटातला.
हातात चहाची वाटी, ओळखीचं कुणी नाही.
चोर आहे तो.
गाडीवरून इथेच उतरला.

बेर्मेतच्या आईला विचारलं, कोण हा?
चष्मा लावून तिने पाहिलं. मुलीकडचा असेल.
मामीला विचारलं. छे, तुमच्याकडचा.
झालं.
आणखी कसला पुरावा हवा होता?

गेल्या मार्चमध्ये इस्तंबूलहून परतताना
पुढच्या सीटच्या पाठीवर, तळहाताएवढ्या पडद्यात,
अकॉर्डियन. बाई. मालगाडी.
सगळ्यांना आपापले आवाज,
चोराचा तर किती कोवळा.
अकरा मिनिटं उरली होती.
बंद करता आलं असतं.
मी चहा मागवला आणि पाहिलं.
चांगला होता शेवट, जाणकारांना आवडेल असा.
समुद्र होता त्यात.

यंदा पुन्हा बेर्मेतकडे.
प्लेअर केव्हाच मेला, कॅसेट खिडकीत,
उन्हाने मासा पुसट होत चाललाय.
सातला वीज गेली.
इस्मार नाक चिमटीत धरून बोलतोय,
चोराचं, बाईचं, इंजिनाचंसुद्धा.
त्याची सहा वर्षांची मुलगी विचारते,
मग? सुटला हात?

ल्योन्या माझ्याकडे बघतो.
जरा जास्तच वेळ बघतो.
म्हणजे यानेही.

मग काय, मी म्हणते, लग्नाला आला.
मामीने चहा दिला त्याला.
साखर किती, मुलगी विचारते.
तीन चमचे, ल्योन्या म्हणतो, ताबडतोब.

स्टोव्ह मंदावलाय.
कोळसा आणायला कुणी उठायचं
यावर तीस वर्षं जुनं भांडण.
रजईत कुणाचे तरी मोजे ओले आहेत.