बर्फाची जाडी

सहा कॉलेजांना मी सोरेन विकला.
साडेसहाशे शब्दांत, दर वेळी नव्याने:
सतरा वर्षांचा भाऊ, त्याची लाल टोपी,
फेब्रुवारीतलं तळं,
आणि मग मी कशी खंबीर झाले.
मिसेस प्रुइट म्हणाल्या, शेवट जरा उजळ कर.
केला.

केंब्रिजच्या अर्जात त्याला जागाच नव्हती.
चार हजार अक्षरं, मोकळ्या जागा धरून,
आणि त्यात फक्त विषय:
काय वाचलंस, काय कळलं, कुठे अडलीस.
तुझं काय गेलं, ते कुणी विचारत नव्हतं.
आधी हायसं वाटलं.
मग राग आला,
टेबलावर कुणी मुद्दाम
एक ताट कमी मांडावं, तसा.

डिसेंबर. मिनेसोटात पहाटेचे पावणेचार.
तिकडे पावणेदहा, खिडकीत करडा उजेड,
एक बाई, आणि एक गृहस्थ,
त्यांच्या मागे खुंटीला सायकलचं हेल्मेट.
मी वरून ब्लेझर, खालून पायजमा.
बाहेर खनिजाच्या धक्क्यावर दिवे,
बाबांची पाळी संपत आलेली.

बाई म्हणाल्या, "समजा, एक तळं गोठलंय.
माणसाला पेलायला बर्फ किती जाड हवा?
घाई नाही. मोठ्याने विचार कर."

मी मोठ्याने विचार केला.
आमच्याकडे चार इंच म्हणतात,
पण ते स्वच्छ, निळसर बर्फाचं.
वर भुसभुशीत हिम साचलं
तर त्याचं पांघरूण होतं,
खालचा बर्फ वाढतच नाही.
जिथे ओढा येऊन मिळतो
तिथे पृष्ठभाग सरळ खोटं बोलतो.
कागदावर एक पाटी काढली, वजन ठेवलं, वाकवली.
तडा कुठून सुरू होईल?
खालून.
वर उभा असतो त्याला तो दिसत नाही.

"छान," हेल्मेटवाले म्हणाले, "कुठे वाचलंस हे?"
"वाचलं नाही."
त्यांनी पुढचा प्रश्न काढला.
स्फटिकांबद्दल होता. तो मला धड आला नाही.

सहा वाजता बाबा आले.
दारातच बसून बूट काढायला लागले.
"काय विचारलं?"
"बर्फ किती जाड हवा, ते."

एका नाडीची गाठ
बाबांनी पुष्कळ वेळ सोडवली.
मग मान वर न करता म्हणाले,
"किती?"

मी स्वयंपाकघरातला दिवा लावला.
कागद त्यांच्यापुढे ठेवला.