नावामागची रेघ

दोना पावलाच्या ऑफिसात माझ्या वाट्याला आली
कार्दोज सरांची भरती-ओहोटी.
मूळ प्रोग्राम हरवलेला.
उरलं होतं ते कंपाइल झालेलं,
यंत्राला कळेल, माणसाला नाही, असं;
आणि वहीचा एक कागद, त्यावर सरांच्या तिरक्या अक्षरात
सात नावं, ठरल्या क्रमानं:
आधी अक्षांश, मग खोली, मग वारा…

आम्ही बाकीचे काम करतो त्या खिडकीत
आकडा टाकला की आलेख उमटतो,
निळा, शहाण्या मुलासारखा.
तिथून सरांना हाक मारायची होती.
मध्ये दार हवं होतं. ते मी सी भाषेत
रंधा मारून, बिजागरी ठोकून बसवलं.

पहिला आठवडा नुसती हाक.
भरती, म्हटलं.
असं कुणी इथे राहत नाही, म्हणाला लिंकर.
मग कुठल्याशा टिपणात सापडलं:
त्या पिढीच्या नावांना शेवटी एक रेघ असते,
खाली, अक्षरांच्या पायाशी.
जुव्याच्या बांधावरून पलीकडच्या होडीला
नुसतं आबेल म्हणून भागत नाही,
आबेलाऽऽ
असं ओढावं लागतं पाण्यावरून, तसं.

रेघ दिली. सर बोलले.
बोलले आणि सगळं कोसळलं,
खिडकी, आलेख, जतन न केलेली दुपार.
मी आकडे हातात देत होते,
त्यांना हवा होता पत्ता:
कपेलामागे, फणसाकडे, एवढं सांग,
मी जाऊन बघतो काय आहे घरात.
पत्ता दिला, तर घरात
चार बाइटांच्या जागी आठ बाइट दाटीनं बसलेले,
आणि मांडवीची खोली निघाली
एकावर एकतीस शून्यं, मीटर.

मार्चमध्ये चाललं एकदाचं.
बंदरावरच्या मोजपट्टीशी जवळजवळ जुळलं.
जवळजवळ हे मी वाऱ्यावर ढकललं
आणि वेळा छापून पाठवल्या जुव्याला,
खाजनाच्या मानशीवर कोळंबीला बसणाऱ्या आबेल कुलासोला.

आठव्या दिवशी फोन:
"बाये, तुज्या कागदार तीन.
हांव तीनांक गेलों जाळें घेवन.
उदक परतलें चारांक."

एक तास. रोज. न चुकता.
वारा इतका नेमका नसतो.

माशेलच्या दुकानात तांदूळ मापताना
माझे वडील एक म्हणत नसत.
लाभ, दोन, तीन.
सर एकापासून मोजतात, खिडकीही एकापासून,
मधलं दार तेवढं शून्यापासून;
आणि दारात उभी राहून मी
सवयीनं एक म्हटलं होतं.
पहिला तास उंबऱ्याबाहेर राहिला,
मागचे सगळे एकेक घर पुढे सरकले,
शेवटच्या रकान्यात येऊन बसला
कुणाचाच नसलेला एक आकडा, रोज वेगळा.
तो मी पाहिला होता.
पाहून पान उलटलं होतं.

दुरुस्ती एका अक्षराची. मग जुव्याला गेले.
मानशीचं दार वरून टांगलेलं, काळं, जाड लाकूड.
भरती ढकलते, मिटतं. ओहोटी ढकलते, उघडतं.
कुणी हात लावत नाही.
मग तू रात्रभर कशाला बसतोस, विचारलं.
"जाळ्याक," म्हणाला आबेल.
बिडी अर्धी झाल्यावर:
"आनी कुर्ली अडकता केन्नाय दारांत. फट उरता."

चारला सात मिनिटं होती.
पाणी ना आत, ना बाहेर.
मी घड्याळाकडे पाहत होते,
तो वाकून, टॉर्च दातांत धरून,
दार आणि चौकट यांच्या मधे.