सी व्ह्यू

बसस्टँडसमोरच्या पहिल्या लॉजात
पायरीवर ओला फडका, काउंटरवर उदबत्तीची राख.
पोरगा म्हणाला, बाईमाणूस एकटं असलं तर
मालकांना विचारावं लागतंय.
विचार बाबा. तोवर मी पुढे जाते.

दुसऱ्याला लिफ्ट होती, लिफ्टमध्ये आरसा.
आंबोलीच्या वळणांनी पिळून काढलेलं तोंड
त्यानं फुकट दाखवलं, खोलीचे मात्र अठराशे.
खिडकी उघडली तर हातभरावर भिंत
आणि भिंतीवर खडूनं कन्नडमध्ये:
इथं थुंकू नये.
मला वाचता येतं. सातवीपर्यंत
एक भाषा घरात होती, एक फळ्यावर,
मागावर बसलं की दोन्ही
एकाच धोट्यातून जायच्या.

तिसरं चांगलं होतं. खरंच चांगलं.
पांढरी चादर, गरम पाणी, मुलगी नम्र.
पण गच्चीवरून वडगावची टाकी दिसत होती,
टाकीखालून डावीकडे चौथी गल्ली.
"का हो मावशी, काय कमी आहे?"
काही नाही गं. जास्तच आहे.

भावाचे फोनवर फोन.
गावात भाऊ असताना लॉजवर राहतीस?
लोक काय म्हणतील की गं.
वहिनीनं म्हणे भाकऱ्या थापून ठेवल्यात.
दाद्या, म्हटलं, उद्या अकराला
सब-रजिस्ट्रारकडे मी सही करणार आहे.
हक्क सोडते म्हणाले ना, सोडते.
माग मोडीत गेले, मागाचे खड्डे बुजवलेत,
आता तिथं तुझं तीन मजल्यांचं काय ते उभं राहू दे.
पण आज रात्री तुझ्याकडे जेवले
तर उद्याची सही मिठाची होईल.
मला ती शाईची करायची आहे.
पलीकडे तो गप्प. मग म्हणाला,
बरं. कडी लावून झोप.

कॅम्पात, मासळी बाजाराच्या मागच्या बोळात
निळी पाटी: हॉटेल सी व्ह्यू.
मी रस्त्यातच हसले.
लग्न होऊन एकतीस वर्षं वेंगुर्ल्याला,
बंदरापासून चार घरं सोडून राहते,
आमच्याकडेसुद्धा कुणी असं नाव ठेवलेलं नाही.

काउंटरवर इराण्णा. कानात बाळी, पुढ्यात चिरमुरे.
"समुद्र कुठाय हो तुमचा?"
"पहाटे साडेतीनला येतोय की."
चेष्टा नव्हती. मूळ मालक कारवारचा, म्हणाला,
त्यानं ठेवलं नाव, तो गेला, पाटी राहिली.
सातशे रुपये. पंख्याला आवाज आहे, चालेल?

मग रजिस्टर सरकवलं.
नाव: इंदुमती. इथवर ठीक.
पुढे कामकर लिहिलं, खोडलं, केळुसकर लिहिलं.
येण्याचं कारण: सही.
खालचा रकाना कन्नडमध्ये. खायम विळास.
कायमचा पत्ता.
लहानपणी मला तो विलास वाटायचा,
कुणीतरी कायमची चैन करायला दिलेली जागा.
पेन तिथंच थांबलं.
"राहू दे, सकाळी लिवा," इराण्णा म्हणाला,
"रात्रीच्या वक्ताला सगळ्यांचंच अडतंय तिथं."

नव्या नवरीला वेंगुर्ल्यात झोप यायची नाही,
समुद्र बंद करा म्हणायची मी, नवरा हसायचा.
इथं पंख्याची खरखर,
आणि ती थांबली की काहीच नाही.
कूस बदलली. पुन्हा बदलली.
माग नाही, लाट नाही,
एवढी शांतता कुणी मागितली होती?

साडेतीनला टेम्पो आला.
फळी पडली, बर्फ खरडला,
कुणी कन्नडमध्ये शिवी दिली,
कुणी मालवणीत परत केली.
खिडकीतून वाकून पाहिलं:
पिवळ्या दिव्याखाली खोकी उतरत होती,
तिसऱ्या खोक्यावर आमच्याच बंदराचं नाव, उलटं.
काल संध्याकाळी, मी बॅग भरत होते तेव्हा,
हे बांगडे अजून पाण्यात असतील.
त्यांनीही रात्रीत घाट चढला,
त्यांना कुणी पत्ता विचारला नाही.

खिडकी उघडीच टाकली.
वास आत आला, पलंगावर बसला, ओळखीचा.
मी अशी झोपले की
दहा वाजता इराण्णानं दार बडवलं,
एका हातात चहा, काखेत रजिस्टर.